मोडीत निघालेली नव्याण्णव

अमेरिकेच्या कायद्यात बंदूक म्हणजे फक्त तिचा रिसीव्हर. ज्या पोलादी ठोकळ्यात काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट मागेपुढे सरकतो आणि ज्याच्या पोटाखाली नंबर ठोकलेला असतो, तेवढीच बंदूक. त्याला परवानाधारक दुकानदार लागतो, फॉर्म लागतो, पार्श्वभूमीची तपासणी लागते. बाकी नळी, दस्ता, लिव्हर, चाप, स्प्रिंगा, स्क्रू हे सगळं कायद्याच्या लेखी नुसतं लोखंड आणि लाकूड. घरबसल्या मागवा, पोस्टमन दारात ठेवून जातो.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. बाबांची सगळी नोकरी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत गेली, तीही टूलरूममध्ये. ड्यूटी संपल्यावर रोज गेटवर खिसे चाचपून घेण्यात आयुष्य गेलेला माणूस. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा 'शस्त्र' म्हणताना त्याचे सुटे भागही त्यातच धरतो. त्यामुळे 'बाबा, मला जुन्या रायफलीचा एक पार्ट हवाय, इथे तो पोस्टाने येतो' हे वाक्य त्यांच्या कानाला एखाद्या गुन्ह्याच्या कबुलीसारखं लागलं असणार.

"तो पार्ट पोस्टाने येतो, मग तू फोन कशाला केलास?"

"कारण तो कुठेच मिळत नाहीये."

रायफल सॅव्हेज कंपनीची, मॉडेल ९९. लिव्हरची. म्हणजे चापाभोवतीची ती लोखंडी कडी खाली ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि कडी वर आणली की नवं आत जातं. पाश्चात्त्य सिनेमांत घोड्यावरचे लोक जी रायफल खट-खट करत चालवतात तिच्याच घराण्यातली, पण ही त्या घराण्यातली फार वेगळी लेक आहे. त्याविषयी पुढे सांगतो.

आम्ही राहतो पूर्व पेनसिल्व्हेनियात. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी कित्येक शाळांना सुट्टी असते, कारण त्या दिवशी हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा. २०१९ पासून हंगाम शनिवारवर आणला, तरी सोमवारची सुट्टी पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. मुलीच्या शाळेचं कॅलेंडर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा कुठला सण म्हणून मी शोधत बसलो होतो. शिवाय या राज्यात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. दर गोळीला हातानेच काहीतरी करावं लागतं: बोल्ट ओढा, पंप मागे घ्या किंवा लिव्हर फिरवा. त्यामुळे इथल्या माळ्यांवर, तळघरांत, कपाटांच्या मागे लिव्हरच्या जुन्या रायफली पडून आहेत, आपल्याकडे माळ्यावर तांब्याचे हंडे असतात तशा. पलीकडच्या घरातले आजोबा गेल्यावर आजींनी सामान आवरायला काढलं. त्यात ही निघाली. त्यांच्या मुलांपैकी कुणाला ती नको होती, कारण ती चालत नव्हती. "तू इंजिनियर आहेस ना?" एवढ्या पात्रतेवर ती माझ्याकडे आली, अर्थात गावातल्या दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून, रीतसर.

बायको म्हणाली, "घरात बंदूक?" प्रश्न रास्त होता. या देशात मुलांना शाळेत दाराला कडी लावून, दिवे मालवून कोपऱ्यात बसायची रंगीत तालीम देतात. आमच्या मुलीनेही ती केली आहे. मी तिजोरी आणली, ती तळघरात भिंतीला बोल्टने बसवली, किल्ली वेगळी ठेवली आणि रायफल दुरुस्त होईस्तोवर घरात एकही काडतूस आणायचं नाही हे कबूल केलं. तरी हा विषय आमच्या घरी मिटलेला नाही आणि मिटू नये असंच मला वाटतं. शिकार मी करत नाही. मला भुरळ पडली ती आतल्या यंत्राची.

आर्थर सॅव्हेज हा माणूस १८५७ साली जमैकात किंग्स्टनला जन्मला. ऑस्ट्रेलियात गुराढोरांचा धंदा केला, जमैकात कॉफीचा मळा चालवला, आणि शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी ट्रामच्या कंपनीत व्यवस्थापक झाला. ट्राम चालवता चालवता त्याने रायफल काढली. १८९२ मध्ये अमेरिकन लष्कराच्या चाचण्यांत ती नापास झाली, तिथे क्रॅग-यॉर्गेन्सन नावाची दुसरी रायफल जिंकली. सॅव्हेजने तिच्यावर काम चालूच ठेवलं. १८९५ चं मॉडेल मार्लिन कंपनीकडून बनवून घेतलं, १८९९ चं स्वतःच्या कारखान्यात. तेच पुढे नुसतं ९९ झालं आणि किरकोळ फेरफार होत होत १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिलं. दहा लाखांवर नग निघाले. एकोणिसाव्या शतकातलं डिझाइन एकविसाव्याच्या उंबरठ्यापर्यंत विकलं गेलं, हे यंत्रांच्या दुनियेत क्वचित घडतं.

तिचं वेगळेपण पोटात आहे. विंचेस्टरच्या प्रसिद्ध लिव्हर रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी बसतात. एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. गोळी टोकदार असेल तर धक्क्यासरशी ती पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर आपटायची आणि आतच स्फोट व्हायचा. म्हणून तिथे गोळ्यांची नाकं चपटी ठेवावी लागतात आणि चपटं नाक हवेत लवकर दमतं. सॅव्हेजने नळी काढून टाकली आणि रिसीव्हरच्या आत एक फिरती पितळी चक्री बसवली. तिच्या अंगावर खाचा, प्रत्येक खाचेत एक काडतूस, मध्ये आसाभोवती स्प्रिंग. पाच गोळ्या आत दाबत गेलं की चक्री फिरते आणि स्प्रिंग भरते. रिसीव्हरच्या डाव्या अंगाला एक इवलीशी खिडकी आहे, तिच्यातून चक्रीवरचा आकडा दिसतो: आत किती उरल्या. बाहेर घोडा, म्हणजे टोपी फोडणारा हातोडा, नाहीच, सगळं आत. घोडा ताणलेला आहे की नाही ते कळावं म्हणून एक छोटी खुंटी वर डोकावते. १८९० च्या दशकात बसून एका माणसाने हे कागदावर काढलं, म्हणजे कमालच.

माझी रायफल १९२० च्या दशकातली, .३०३ सॅव्हेज काडतुसाची. इथे बाबा फोनवर एकदम जागे झाले. "थ्री नॉट थ्री? अरे, ती तर आम्ही पोत्यांनी बनवली!"

नाही बाबा, ती वेगळी. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर जी वर्षानुवर्षं दिसली ती ब्रिटिश .३०३, तिची केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, ५६ मिलिमीटर लांब. सॅव्हेजची ५१. नाव एक, नातं काही नाही. एकीची गोळी दुसरीत घालायला जाऊ नये. पण यात एक गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात याच सॅव्हेज कंपनीने मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सच्या कारखान्यात ब्रिटनसाठी ब्रिटिश .३०३ च्याच ली-एनफील्ड नंबर ४ रायफली बनवल्या, दहा लाखांच्या वर. म्हणजे खडकीत बनलेलं काडतूस सॅव्हेजच्या एका रायफलीत चपखल बसतं, फक्त माझ्या रायफलीत नाही. हे ऐकून बाबा बराच वेळ हसत होते.

आता दुखणं. आजोबांच्या आधीच्या, किंवा त्याच्याही आधीच्या कुठल्यातरी मालकाने आतली चक्री बदलली होती आणि बसवली होती .३०० सॅव्हेजची. ते काडतूस १९२० साली आलं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड नाही, .३०३ च्या बुडाला आहे. चक्रीच्या खाचा त्या त्या काडतुसाच्या मापाने कापलेल्या असतात. त्यामुळे दुसरं-तिसरं काडतूस आत जाताना वाकडं व्हायचं आणि लिव्हर मध्येच अडायची. त्यात एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तुटलेला. हा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे बोल्टच्या उजव्या कुशीतली लांब पोलादी पट्टी, तिच्या टोकाचा नखाएवढा आकडा रिकाम्या केसची कड पकडून तिला मागे खेचतो. तो तुटला की केस नळीतच राहते. शिवाय दस्त्याला मानेपाशी चीर, जी या मॉडेलला हटकून जाते. आणि मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, गायब, नळीवर नुसती खाच.

कंपनी आजही आहे, पण ९९ बनत नाही तर तिचे पार्ट तरी कुठून बनणार. मग उरतात ते सुट्या भागांचे व्यापारी. त्यांतलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव न्यूमरिक. जॉर्ज न्यूमरिक या माणसाने बंद पडलेल्या कारखान्यांचं उरलंसुरलं सामान विकत घ्यायचा सपाटा लावला होता. १९५१ साली तर त्याने थॉम्पसन सबमशीनगनचं राहिलेलं भांडारच उचललं. गंमत अशी की महायुद्धात त्या थॉम्पसन सर्वांत जास्त बनवल्या त्या सॅव्हेजनेच, युटिकात. न्यूमरिकच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये प्रत्येक जुन्या बंदुकीचं उकललेलं चित्र असतं, एकेक भाग हवेत तरंगत असल्यासारखा, बाजूला नंबर. बंदुका दुरुस्त करणारे लोक या चित्रांपुढे तासन् तास बसतात आणि मीही बसलो. मला हव्या त्या दोन्ही नंबरांपुढे 'शिल्लक नाही'.

मग अ‍ॅलनटाउनला भरणारं जुन्या हत्यारांचं प्रदर्शन. एखाद्याला वाटेल की तिथे सगळं भडक असेल. भडक माणसं असतात थोडी, पण बहुतेक टेबलांमागे माझ्या बाबांच्या वयाचे, चष्मा नाकावर ओघळलेले लोक, पुढ्यात माशांचे गळ ठेवायचे कप्प्याकप्प्यांचे प्लास्टिकचे डबे. कप्प्यांत स्क्रू, पिना, स्प्रिंगा. काहींवर चिठ्ठ्या, बहुतेकांवर नाहीत. तुम्ही पार्टचं नाव घेतलं तर ते मान हलवतात. तुटका पार्ट खिशातून काढून तळहातावर ठेवला तर उठून उभे राहतात. एका टेबलावर खोक्यात ब्रिटिश .३०३ च्या रिकाम्या केस पडल्या होत्या. एक उचलून बूड पाहिलं: के एफ. किर्की फॅक्टरी, खडकी. मी फोटो काढून बाबांना पाठवला. तिकडून उत्तर आलं, "साल नीट दिसत नाही, उजेडात धर." उजेडात धरलं. ते नोकरीला लागायच्या आधीचं निघालं. "मग आमच्या साहेबांच्या वेळचं," म्हणाले आणि विषय संपला. पण पुढे कित्येक दिवस घरी आल्यागेल्याला तो फोटो दाखवत होते, असं आई म्हणाली.

त्याच प्रदर्शनात मला या बाजाराचं खरं गणित कळलं. नवे भाग बनत नाहीत, मग जुने येतात कुठून? अख्ख्या रायफली फोडून. गंजलेल्या, आगीत सापडलेल्या, कुणीतरी दुर्बीण बसवायला वेडीवाकडी भोकं पाडलेल्या आधी फोडल्या जातात हे खरं. पण सगळ्याच तशा नसतात. एका विक्रेत्याने सरळ सांगितलं: अख्खी विकली तर जेवढे येतात त्याहून तुकडे विकले तर जास्त येतात. दस्ता एकाला, चक्री एकाला, दस्त्याच्या टोकाची बटप्लेट एकाला. शेवटी उरतो तो रिसीव्हर. कायद्याने तीच काय ती बंदूक आणि तोच कुणाला नको असतो. त्याच्या टेबलाखाली अशा सोललेल्या रिसीव्हरांची रांगच होती.

पुण्यात जुन्या बाजारात स्कूटरचे, सायकलींचे भाग असे सुटे पाहत मी लहानाचा मोठा झालोय. तिथे कधी मनात आलं नाही. इथे आलं, कारण प्रत्येक जण 'दुर्मिळ रायफल वाचवतोय' असं म्हणत होता आणि एक वाचवायला दुसरी फुटत होती. आणि ती फुटत होती माझ्यासारखा गिऱ्हाईक टेबलापुढे उभा आहे म्हणून. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग बनव की. कुणाची चांगली रायफल मोडायची कशाला? टूलरूम कशासाठी असते?" त्यांना स्वतःलाच तो पार्ट बनवायची खुमखुमी आली होती, हे आवाजात कळत होतं. पण पुण्यात बसून रायफलीचा भाग बनवणं आणि तो परदेशी पाठवणं यावर दोन देशांचे कायदे काय म्हणतील ते त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

बाबांच्या पिढीच्या फिटरला 'तोच पार्ट आणला की बसतो' हे पटतच नाही आणि ९९ च्या बाबतीत ते बरोबर आहेत. सुटे भाग अदलाबदल करता यावेत ही कल्पनाच मुळी बंदुकांच्या धंद्यात वाढली. अमेरिकन शाळेत मुलांना शिकवतात की एली व्हिटनीने ती आणली. १७९८ साली त्याने सरकारशी १०,००० मस्केटांचा, म्हणजे तेव्हाच्या लांब बंदुकांचा, करार केला, दोन वर्षांत देतो म्हणाला आणि शेवटची खेप पोचेपर्यंत १८०९ उजाडलं. त्याच्या मस्केटांचे भाग खरं म्हणजे एकमेकांत बसतच नसत. ते काम पुढे १८२० च्या दशकात हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जॉन हॉलने मापं तपासायची गेजं आणि यंत्रं वापरून करून दाखवलं. श्रेय मात्र व्हिटनीच्या नावावर राहिलं, जसं राहायचं तसं. आणि एवढं सगळं झाल्यावर शंभर वर्षांनी युटिकात बनलेल्या रायफलीत बोल्ट, लिव्हर, लाकूड शेवटी माणूसच कानस मारून बसवत होता. माझ्या रायफलीच्या दस्त्याच्या लाकडात आणि बटप्लेटच्या आतल्या अंगाला रिसीव्हरचाच नंबर ठोकलेला आहे. हे तिघं एकमेकांसाठी घासले गेले, दुसऱ्या कुणासाठी नाही.

म्हणून एक्स्ट्रॅक्टर मी बनवला. स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी घेतली, तुटका पार्ट तिच्यावर ठेवून रेघ मारली आणि गॅरेजमध्ये व्हाइसपाशी उभा राहिलो. समोर फोन, फोनमध्ये बाबा. पुण्यात तेव्हा सकाळ. "कानस पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. रंदा आहे का तो?" "आकड्याच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई ठेव, काटकोन ठेवलास तर तिथूनच तुटणार." जुना तिथूनच तुटला होता. माप धरेपर्यंत घासायचं, मग लालबुंद करून तेलात विझवायचं. कानस टेकवून बघायची: चावली नाही, काचेवरून सरकावी तशी सरकली, म्हणजे पोलाद कडक झालं. पण या अवस्थेत ते काचेसारखंच तडकतं. म्हणून अंग घासून उजळ करायचं आणि खालून हळूहळू तापवत रंग पाहायचा. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. निळ्याला थांबायचं. बाबांना फोनच्या पडद्यावर रंग नीट दिसत नव्हता, म्हणून ते मलाच विचारत होते, "मोराच्या मानेसारखा झाला का? झाला का?" झाला. पट्टी वाकवली, सोडली, जागेवर आली.

दस्त्याच्या चिरेवर फार लिहिण्यासारखं नाही. जुनं तेल ओढून काढलं, पातळ इपॉक्सी आत उतरवलं, आवळून ठेवलं. नवा दस्ता मिळत होता, पण तो नंबर ठोकलेलं लाकूड टाकवेना.

चक्री मात्र माझ्याच्याने बनणारी नव्हती. तिच्या खाचा नागमोडी, उतरत्या, प्रत्येक जागी काडतुसाचा कोन वेगळा. माझ्याकडचं लेथ त्या कामाचं नाही. ती शेवटी फुटलेल्या रायफलीतूनच आली. विक्रेत्याला मी विचारलं, ती रायफल कसली होती. त्याने फोटो दाखवला: नळीत गंजाचे खड्डे, रिसीव्हरवर दुर्बिणीसाठी वाटेल तशी पाडलेली भोकं. मला बरं वाटलं. बाबा म्हणाले, "फोटो त्याच रायफलीचा होता कशावरून?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण पैसे देऊन झाले होते.

चक्री बसवताना आतली स्प्रिंग ठरावीक फेरे पिळून, ती तशीच धरून, पुढून आस अडकवायचा असतो. याला तीन हात लागतात आणि माणसाला दोन असतात. पेचकस निसटला की सगळे फेरे भर्रकन उलगडतात आणि पुन्हा पहिल्यापासून. मुलगी शेवटी मदतीला आली. तिचा अंगठा बारीक आहे, तो बरोबर जागी पोचतो. "हे कुणी डिझाइन केलं?" असं तिने ज्या सुरात विचारलं तो सुर आर्थर सॅव्हेजने ऐकायला हवा होता.

बोल्टच्या मापाला मी हात लावला नाही. बोल्ट आणि नळी यांच्यातली फट, तिला हेडस्पेस म्हणतात, ती हजारांश इंचांच्या हिशेबात चुकली तरी केस फाटून गरम वायू चेहऱ्यावर येऊ शकतो. ते काम परवानाधारक गनस्मिथचं. त्याने गेज घालून पाहिलं, बरोबर निघालं. माझा एक्स्ट्रॅक्टर त्याने भिंगाखाली धरला, उलटापालटा केला आणि विचारलं, कुठून आणला. मी म्हटलं, घरचा. पहिली गोळी त्याने रायफल टायरला बांधून, लांबून दोरीने चाप ओढून उडवली. केस बाहेर पडली, पुढची आत गेली.

नेमबाज स्वप्निल कुसळेच्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या ब्राँझनंतर हल्ली कोल्हापूरचा माझा मावसभाऊ रायफलींतला तज्ज्ञ झाला आहे. त्याचा प्रश्न: ग्रुपिंग किती येतं, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात? अजून काहीच येत नाही, कारण मागची साइट नाही. ती त्या सालच्या नळीच्या खाचेत बसणारी, मूळ कारखान्याचीच हवी. दुसरी कुठलीही लावता येते, गनस्मिथ तर लावूनच देत होता, मीच नको म्हटलं. माँटानातल्या एका गृहस्थाकडे हवी तशी साइट आहे. तो ती सुटी द्यायला तयार नाही. म्हणतो, अख्खी नळी घे. मी नळी घेतली तर त्याच्याकडे रायफलीची बाकीची राहिलेली चीजवस्तू उरणार, मग तीही तो विकायला काढणार. बाबांचं मत आहे की साइटसुद्धा घरीच होईल, खाचेचं माप तेवढं व्हर्निअरने घेऊन पाठव, आणि या खेपेला बरी कानस आण.